लक्ष द्या, लक्ष घ्या!

रेवड्यांवरची कुस्ती पाहिलीय कधी?

सातारा-सांगलीकडच्या मुलांना हे विचारायला नको. गावची यात्रा आली की दुपारी कुस्त्यांचं मैदान भरतं. हलगी कडाडायला लागते आणि लाल मातीत सगळ्यांत आधी उतरतात ती तुमच्यापेक्षाही लहान पोरं. सहा-सात वर्षांची असतील. लंगोट अजून कमरेवर नीट बसत नाही. एकाचं लक्ष आईकडे असतं, दुसऱ्याचं पंचांच्या पिशवीकडे. पंच दोघांचे हात एकमेकांत देतात, पोरं भिडतात, मातीत लोळतात. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात. हरणारा रडवेला झाला तर त्यालाही मूठभर मिळतात. लहानपणी मला त्या रेवड्यांचा फार हेवा वाटायचा. मातीच्या हातांनी खाल्लेली रेवडी आधी खारट लागते आणि मग गोड, असं माझा जिंकलेला मित्र सांगायचा.

रेवड्या संपल्या की दहा-वीस रुपयांच्या कुस्त्या सुरू होतात. मग शंभराच्या, मग हजाराच्या. दिवस मावळायला लागला की एक नंबरची कुस्ती लागते. तिचं इनाम ऐकून माणसं एकमेकांकडे बघतात.

आता मला सांगा, हे इनामाचे पैसे आले कुठून?

हरलेल्या पैलवानाने तर दिले नाहीत. ते आले गावाच्या वर्गणीतून. कुणी शंभर दिले, कुणी पाचशे, कुणी एखादी अख्खी कुस्तीच आपल्या नावावर लावली. मध्येच एखाद्या पोराने झकास डाव मारला की गर्दीतला एखादा फेटेवाला आजोबा उठतो, खिशातून नोट काढतो, आणि लाउडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारलं जातं. म्हणजे पैसे येतात मैदानाभोवती बसलेल्या माणसांकडून. ही माणसं गोल करून बसतात, त्याला आपण कडं म्हणू या. आजची आपली सगळी गोष्ट या कड्याची आहे. हे कडं कसं वाढत गेलं आणि त्यातून एखादा चॅम्पियन कसा श्रीमंत होतो, ते आपण बघणार आहोत. त्यासाठी आपण आधी कराडला जाऊ, मग सांगलीला, तिथून थेट विम्बल्डनला आणि परत सांगलीला.

कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी तिथे खाशाबा जाधव जन्मले. अंगाने लहानखुरे, पण इतके चपळ की समोरच्याला पकड घ्यायला अंगच सापडू नये. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं ठरलं तेव्हा प्रवासाला पैसे नव्हते. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले होते. तिथले प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवलं आणि ७,००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही जमेल तशी भर घातली. त्या पैशांवर खाशाबा फिनलंडला गेले आणि १९५२च्या जुलैमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एवढ्याशा अंतराला त्या दिवशी कितीतरी तास लागले म्हणतात.

आणि या पदकाबरोबर पैसे किती मिळाले? काहीच नाहीत. उलट डोक्यावर कर्ज होतं. खाशाबांनी घरी आल्यावर पुन्हा लंगोट कसला, कुस्त्यांची मैदानं भरवली, आणि इनामाच्या पैशांतून प्राचार्यांचे पैसे फेडले. मला ही गोष्ट जितक्या वेळा आठवते तितक्या वेळा गळा दाटून येतो. हेलसिंकीत सामने बघायला जगभरची माणसं बसली होती, पण त्या कड्याने पैलवानाला एक पैसाही द्यायचा नाही असा नियम होता. गावच्या कड्याने मात्र दिला. १९५५ साली खाशाबा पोलिसात फौजदार म्हणून लागले आणि पुढे नोकरीवरच त्यांचं घर चाललं.

आता सांगलीला या. नंदू नाटेकर हे नाव तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांचे डोळे चमकतील. १२ मे १९३३ रोजी सांगलीत जन्मलेला हा मुलगा आधी टेनिस खेळायचा. साधासुधा नाही, चांगलाच. १९५१-५२च्या ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेत तो थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथे समोर होता रामनाथन कृष्णन. कृष्णनने त्याला हरवलं, आणि नाटेकरांनी टेनिसची रॅकेट ठेवून बॅडमिंटनची उचलली. ज्याच्याकडून हरले तो पुढे, १९६० आणि १९६१ साली, विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत खेळला! नाटेकरांचंही काही वाईट झालं नाही. १९५६ साली क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा त्यांनी जिंकली. परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. सहा वेळा राष्ट्रीय विजेते झाले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांचाच. उभ्या आयुष्यात शंभराहून जास्त विजेतेपदं!

आणि शंभर विजेतेपदांचे पैसे किती? इथेही उत्तर तेच. मिळायचे ते कप. चांदीचे, चकचकीत, आरशासारखे. दिवाणखान्यात मांडायला सुरेख, पण किराणा दुकानदार काही कप घेऊन साखर देत नाही.

असं का? कारण तेव्हा खेळाडूंचे दोन वर्ग होते. एक हौशी आणि दुसरा व्यावसायिक. खेळाचे पैसे घेणारा तो व्यावसायिक, आणि त्याला ऑलिंपिकमध्ये, विम्बल्डनमध्ये प्रवेशच नाही. इंग्लंडातल्या खात्यापित्या घरच्या मंडळींनी हा नियम केला. खेळावं ते आनंदासाठी, पैशासाठी खेळणं हलकं, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला छान वाटतं. पण ज्याच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची पंचाईत आहे त्याने दिवसाचे सहा तास सराव कधी करायचा? हा नियम श्रीमंतांच्या सोयीचा आणि गरिबांवर अन्याय करणारा होता, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कृष्णनसमोर तर मोठाच पेच आला. अमेरिकेतले जॅक क्रेमर व्यावसायिक टेनिसपटूंचा एक फिरता संच चालवायचे. गावोगावी सामने, तिकीट लावून. त्यांनी १९५९च्या सुमारास कृष्णनला आपल्या संचात बोलावलं. तीन वर्षांचे दीड लाख डॉलर देऊ केले होते असं सांगतात. कृष्णनने नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर विम्बल्डनचं दार बंद, आणि देशासाठी डेव्हिस कप खेळणंही बंद. पैसा हवा तर मान सोडा, मान हवा तर पैसा सोडा. विशी उलटलेल्या मुलापुढे किती अवघड गणित ठेवलं होतं बघा!

हे गणित मोडलं १९६८ साली. टेनिसवाल्यांनी दार उघडलं, हौशी आणि व्यावसायिक सगळे एकाच स्पर्धेत खेळू लागले. त्या वर्षी विम्बल्डनने पहिल्यांदा रोख बक्षीस दिलं. पुरुषांत जिंकलेल्या रॉड लेव्हरला २,००० पौंड. तेव्हा एका पौंडाचे १८ रुपये यायचे, म्हणजे ३६,००० रुपये. आणि बायकांत जिंकलेल्या बिली जीन किंगला किती? ७५० पौंड! जाळी तीच, चेंडू तोच, उन्हातला घाम तोच, आणि पैसे निम्म्याहून कमी. बिली जीन गप्प बसली नाही. १९७० साली तिने आणि आणखी आठ जणींनी एकेका डॉलरच्या करारावर सही केली आणि बायकांच्या वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या. १९७३ साली अमेरिकन ओपनने स्त्री-पुरुषांना सारखं बक्षीस दिलं. विम्बल्डनला त्यासाठी २००७ साल उजाडावं लागलं. २०२५ साली तिथे दोन्ही विजेत्यांना प्रत्येकी ३० लाख पौंड मिळाले. आपल्या पैशांत साधारण ३५ कोटी रुपये. पहिल्याच फेरीत हरून घरी गेलेल्यालाही ६६,००० पौंड!

गंमत सांगू? पुरुषांच्या विम्बल्डन कपावर सगळ्यांत वर एक छोटं अननस बसवलेलं आहे. आणि तो कप विजेत्याला घरी नेता येत नाही. तो क्लबातच राहतो, विजेत्याला त्याची छोटी प्रतिकृती देतात. पूर्वी फक्त कप मिळायचा, आता खरा कप सोडून बाकी सगळं मिळतं.

पण थांबा. ३५ कोटी ऐकून भुरळ पडण्याआधी तासगावच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराच्या मुलाला विचारा. बाग वीस लाखांना गेली, असं व्यापारी गावभर सांगतो. पण औषध-फवारणी, खत, मजूर, छाटणी, बँकेचा हप्ता हे सगळं वजा केल्यावर हातात काय राहिलं, ते फक्त घरातल्यांना ठाऊक असतं. टेनिसपटूचं तसंच. त्याचा प्रशिक्षक, त्याचा फिजिओ, विमानाची तिकिटं, हॉटेलं, सगळं त्याच्याच खिशातून. एका रॅकेटला सुमारे बारा मीटर तार लागते. मोठे खेळाडू सामन्याला सहा-सात रॅकेट घेऊन उतरतात, आणि त्यांच्या तारा दर सामन्याआधी नव्याने ताणून घेतात. वर ज्या देशात बक्षीस मिळालं तिथला कर. वरचे शंभर-दीडशे खेळाडू सुखात असतात, खाली उरलेले कितीतरी जण पुढच्या गावाच्या तिकिटाची जुळवाजुळव करत फिरतात.

आता परत सांगलीत, माधवनगरला. स्मृती मानधना मुंबईत जन्मली, पण दोन वर्षांची असताना घर सांगलीला आलं. मोठा भाऊ श्रवण क्रिकेट खेळायचा, त्याच्या मागे-मागे ही मैदानावर. स्मृतीताई एरवी उजव्या हाताची, पण बाबांना डावखुऱ्या फलंदाजांचं भारी वेड. म्हणून ती बॅट डावीकडून धरायला शिकली! नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात, अकराव्या वर्षी १९ वर्षांखालच्या संघात. ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा ठोकल्या. हातात बॅट होती राहुल द्रविडची, भावाने त्यांच्याकडून मिळवलेली. आणि तिच्या आडनावातली एक मौज तुमच्या लक्षात आली का? शेवटचा काना काढा. उरतं 'मानधन'!

१३ फेब्रुवारी २०२३. मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव. पहिलं नाव पुकारलं गेलं स्मृतीचं. बोली सुरू झाली ५० लाखांपासून. मुंबई आणि बंगळुरू यांची अशी रस्सीखेच झाली की आकडा थांबला तो ३ कोटी ४० लाखांवर. बंगळुरूने तिला घेतलं. स्मृतीताई तेव्हा दक्षिण आफ्रिकेत होती, विश्वचषकासाठी. संघातल्या सगळ्या जणी टीव्हीसमोर बसून लिलाव बघत होत्या आणि तिचा आकडा आला तेव्हा त्यांनी खोली डोक्यावर घेतली.

एका संघाने एका खेळाडूला एका मोसमाचे ३ कोटी ४० लाख द्यायचे. हे पैसे त्या संघाने आणले कुठून? इथेच आपलं कडं परत येतं, आणि या वेळी ते अफाट मोठं झालेलं असतं. गावच्या मैदानाभोवती हजार-दोन हजार माणसं मावतात. टीव्ही आणि मोबाइलभोवती कोट्यवधी मावतात. हे सामने दाखवायचा हक्क एका कंपनीने पाच वर्षांसाठी ९५१ कोटी रुपयांना घेतला. एका सामन्याचे सरासरी ७ कोटी ९ लाख. आता कागद-पेन्सिल घ्या. एका सामन्यात दोन्ही डाव मिळून ४० षटकं, म्हणजे २४० चेंडू. ७,०९,००,००० भागिले २४०. आलं उत्तर? २,९५,००० आणि वर थोडे. एका चेंडूला जवळजवळ तीन लाख रुपये! स्मृतीने चेंडू सोडून दिला तरी तीन लाख.

त्या कंपनीने एवढे पैसे कशाचे मोजले? बॅटचे नाहीत, चेंडूचेही नाहीत. मोजले ते तुमच्या लक्षाचे. आपल्या मराठीत 'लक्ष' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, ठाऊक आहे ना? एक म्हणजे ध्यान, वर्गात बाई सारखं द्यायला सांगतात ते. आणि दुसरा म्हणजे शंभर हजार, म्हणजेच लाख. तुम्ही सामन्याकडे लक्ष देता. तेवढ्यात षटक संपतं आणि बिस्किटाची जाहिरात लागते. ती जाहिरात तुमच्या डोळ्यांसमोर यावी म्हणून बिस्किटवाला चॅनेलला पैसे देतो, चॅनेल क्रिकेट मंडळाला देतं, त्यातला वाटा संघांना मिळतो, आणि संघ स्मृतीताईला देतो. बिस्किटवाल्याकडे पैसे आले तुम्ही पुडा घेतलात म्हणून. सगळ्यांचं लक्ष एका जागी गोळा झालं की त्याचे लक्ष-लक्ष रुपये होतात. गावचा आजोबा उठून हातात नोट द्यायचा. इथे तुमची नोट इतक्या हातांतून फिरून पोचते, एवढाच फरक.

म्हणूनच जिंकणं-हरणं आणि पैसा यांचा मेळ दर वेळी बसत नाही. लीगच्या पहिल्या मोसमात बंगळुरूचे पहिले पाचही सामने गेले. स्मृतीच्या धावा आठ सामन्यांत १४९. करार मात्र तोच राहिला. पुढच्या वर्षी, १७ मार्च २०२४ रोजी दिल्लीत तिच्या संघाने लीग जिंकली, ६ कोटींचं बक्षीस मिळवलं, आणि तेव्हाही तिचा करार तोच होता. करार म्हणजे ठरलेला पगार, बक्षीस म्हणजे वरची रेवडी.

भारतासाठी खेळताना आणखी वेगळा हिशोब. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने मुलींची आणि मुलांची सामन्याची फी सारखी केली: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. फार चांगलं झालं. पण वर्षाचा करार अजून सारखा नव्हता. २०२४-२५च्या यादीत पुरुषांच्या सर्वांत वरच्या गटाला वर्षाला ७ कोटी, आणि महिलांच्या सर्वांत वरच्या गटाला, ज्यात स्मृती होती, ५० लाख. चौदा पट! बिली जीन आणि लेव्हर यांच्यातलं अंतर तीन पटींहून कमी होतं. मुलींचे सामने कमी लोक बघतात म्हणून हे असं, असं कारण देतात. पण सामने दाखवलेच कमी तर बघणार कोण? २ नोव्हेंबर २०२५ ला काय झालं ते आठवा. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम निळ्या टी-शर्टांनी भरून गेलं होतं. स्मृती आणि तिची सलामीची जोडीदार शफाली यांनी पहिल्या विकेटसाठी १०४ धावा काढल्या, भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि पहिल्यांदा महिला विश्वचषक आपल्याकडे आला. बक्षीस ४४ लाख ८० हजार डॉलर. तीन वर्षांपूर्वीच्या विजेत्यांना १३ लाख २० हजार मिळाले होते. कडं वाढलं आणि इनाम तिपटीहून जास्त झालं.

मैदानाबाहेरची कमाई तर याहून मोठी असू शकते. पुढच्या सामन्यात बॅटवरचं स्टिकर नीट बघा. ते स्टिकर लावायचे खेळाडूला पैसे मिळतात. टेनिसमध्ये तर रॅकेटच्या तारांवरही शाई लावून खूण उमटवतात. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्सचा रेने लाकोस्त १९२०च्या दशकातला मोठा टेनिसपटू. मगरीच्या कातडीच्या बॅगेवरून कुणाशी तरी पैज लागली आणि त्याला सगळे 'मगर' म्हणू लागले. त्याने आपल्या कोटावर मगर भरून घेतली. १९३३ साली एका भागीदाराबरोबर त्याने शर्टांची कंपनी काढली आणि प्रत्येक शर्टाच्या छातीवर ती मगर बसवली. लाकोस्तला जाऊन किती वर्षं झाली, पण मगर अजून बाजारात फिरते आहे.

मगर पोहायला लागली ते ठीक, पण रॉजर फेडररने तर आणखी पुढची पायरी गाठली. टेनिसच्या बक्षिसांतून त्याला सगळ्या कारकिर्दीत साधारण १३ कोटी डॉलर मिळाले. आणि २०२५ साली त्याची संपत्ती १०० कोटी डॉलरच्या पुढे गेल्याचं 'फोर्ब्स' मासिकाने छापलं. बाकीचे आले कुठून? जाहिरातींतून, आणि एका बुटांच्या कंपनीतून. स्वित्झर्लंडच्या 'ऑन' या कंपनीचे बूट घालायचे नुसते पैसे न घेता, २०१९ साली त्याने त्या कंपनीत स्वतःचे पैसे घातले. म्हणजे तो तिचा एक मालक झाला. दोन वर्षांनी कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. जाहिरात करणारा एक दिवस काम करतो आणि एक दिवसाचे पैसे घेतो. मालकाचा वाटा मात्र तो झोपलेला असतानाही वाढत राहतो.

हे 'झोपेत वाढणं' सांगलीच्या माणसाला नवीन नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे जमिनीत हळदीची पेवं असत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड एवढंसं, माणूस जेमतेम उतरेल इतकं, आणि आत पोट रांजणासारखं मोठं. हळकुंडं आत भरायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचं. आतला प्राणवायू हळूहळू संपतो, मग किडा जगत नाही, आणि हळद कितीतरी दिवस टिकते. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही. आधी तासन् तास तोंड उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील विझला तर आत प्राणवायू नाही, अजून थांबा! भाव चांगला आला की मगच हळद बाहेर काढायची. पण २००५च्या महापुरात पाणी शिरलं आणि पुष्कळ पेवं निकामी झाली. ज्यांनी सगळी हळद एकाच जागी ठेवली होती त्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा. शहाणा खेळाडूही म्हणूनच पैसे वेगवेगळ्या जागी ठेवतो. थोडे बँकेत, थोडे जमिनीत, थोडे शेअर बाजारात.

आणि हळदीचा शेतकरी दुसरं काय करतो? सगळी हळद विकत नाही. थोडी बेण्यासाठी राखतो. एक कंद लावला की त्याचे कितीतरी येतात. पैशाचं बेणं इतकं झरझर वाढत नाही, पण वाढतं. ७२ या आकड्याला व्याजाच्या दराने भागा, म्हणजे पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. ८ टक्के व्याज असेल तर ७२ भागिले ८, म्हणजे ९ वर्षं. समजा विसाव्या वर्षी एखाद्या खेळाडूने १ लाख बाजूला ठेवला आणि त्याचं व्याजही त्यातच राहू दिलं. एकोणतिसाव्या वर्षी २ लाख, अडतिसाव्या वर्षी ४, सत्तेचाळिसाव्या वर्षी ८, छप्पनाव्या वर्षी १६ लाख. खेळाडूला हे गणित तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त गरजेचं, कारण त्याची कमाई लवकर सुरू होते आणि लवकर थांबते.

किती लवकर? सांगलीच्याच संकेत सरगरचं बघा. वडिलांचं चहा-पानाचं दुकान. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात त्याने एकूण २४८ किलो उचललं आणि भारताला त्या स्पर्धेतलं पहिलं पदक, रौप्य, मिळवून दिलं. मलेशियाच्या खेळाडूचं झालं २४९. फक्त एक किलो! तांदळाची एक पिशवी. त्यातच वजन उचलताना संकेतचं कोपर दुखावलं होतं, तरी तो पुन्हा पुढे आला. सांधा एका क्षणात दगा देतो, म्हणून बेणं आधीच राखून ठेवावं लागतं.

आणि काहींचं कडं अजून लहान आहे, खेळ केवढाही मोठा असो. साताऱ्याची अदिती स्वामी उसाच्या शेतातल्या मैदानावर धनुष्यबाण शिकली. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला ती कंपाउंड धनुर्विद्येची जगज्जेती झाली, वयाच्या सतराव्या वर्षी! तिरंदाजीत एकट्याने खेळून जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. अशा एका धनुष्याची किंमत लाखांत जाते. पण तिच्या एका बाणाला कुणी तीन लाख मोजत नाही, कारण पन्नास मीटरवरचं ते लक्ष्य टीव्हीवर बघायला बसतं कोण? २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिचा हा प्रकार पहिल्यांदा येतो आहे, मिश्र सांघिक गटात. मी तर त्या तारखेवर कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवणार आहे.

तोवर तुमच्यासाठी एक काम. पुढच्या सामन्याला वही घेऊन बसा. दोन चेंडूंच्या मध्ये पडद्यावर किती कंपन्यांची नावं दिसतात ते मोजा. बॅटवर, शर्टावर, सीमारेषेच्या दोरीवर, पंचांच्या पाठीवर. मोजून झालं की आकडा आम्हाला कळवा.

आणि गावची यात्रा आली की मैदानावर जरा लवकर जा. रेवड्यांच्या कुस्त्या लागतात तेव्हा ऊन कडक असतं आणि कडं विरळ असतं. हलगीवाला नुकता हात गरम करत असतो. पोरगं मातीत उतरतं, मूठभर माती कपाळाला लावतं, आणि जोडीदाराकडे बघायच्या आधी एकदा मान वळवून बघतं, आपल्याला बघायला कोण-कोण आलंय ते.